मातेच्या पायाशी ठेवलेल्या कुप्या

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… नार्सिसा! अगं, आत्ता कशी तू? कारखान्यात नाहीस?… जेवणाची सुट्टी होय. बरं झालं, माशांच्या डब्यांतून वेळ काढून थोरल्या बहिणीची आठवण तरी झाली.

ओरडू नकोस, ऐकू येतंय मला. कानांना काही झालेलं नाही माझ्या.

काय करणार, बसलेय ओसरीत. भर दुपारी विणकाम होतंय का? ह्या उन्हात टोपीची, तोकिया गवताची पात हातात धरली की मोडलीच. संध्याकाळी हवा ओलसर झाली की बसेन टोपीला… आत्ता? आत्ता सेगुन्दो शेंगदाणे सोलतोय आणि मी ह्या नवऱ्याला सूचना करतेय. … नाही, मी कुठले खातेय! तोंडात लाळ असती तर खाल्ले असते ना.

हं, बोल. … कुणाचा फोन?

डोळ्यांच्या दवाखान्यातून? तुला? तुला कशाला?… हां, कागदावर तुझाच नंबर आहे खरा. … हो, नाही गेले. … त्याच्या आधीचीही तारीख गेली, हो. … अगं ऐक ना… अगं नार्सी, मला बोलू तर दे! तारीख चुकली नाही, मी चुकवली. मुद्दाम. जायची गरजच उरली नाही आता.

कारण मी बरी झाले!

…हॅलो? गेलीस का?… बहीण बरी झाली म्हटल्यावर माणूस हसतं तरी. उद्या जत्रेला आलीस की सगळ्यांसमोर सांगणार होते तुला. घालवलीस ना गंमत!

बरी म्हणजे बरी. जळजळ गेली, टोचणं गेलं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, बोटांनी सोडवायला गेलं की कुणी चाकूने खरवडल्यासारखं व्हायचं, आठवतं? आता उठते आणि बघते. माणसासारखी.

नवस बोलले होते, नार्सी. ईस्टरला. तुला सांगितलं नाही, तू हसली असतीस. मोन्सेराते मातेला म्हटलं, आई, एवढी ही आग विझव, तुझ्या जत्रेला अनवाणी चालेन. आणि पावसाळा सरता सरता कमी होत गेली बघ. आधी डावा डोळा शांत झाला. मग उजवाही निवळत चालला. मग कोरडे महिने लागले. मनात म्हटलं, आता खरी परीक्षा. दरवर्षी ह्या दिवसांत धूळ उडायला लागली की मी फडकं बांधून खोलीत पडायचे, माहीत आहे ना? यंदा काही नाही! वाऱ्यात उभी राहून पाती वाळवल्या मी. सगळं गाव बघत होतं.

काय म्हणतेस?… थेंब? नाही घालत. … कधीपासून म्हणजे… झाले असतील दोनेक महिने. … नार्सी! शिव्या नकोत हं. जत्रेच्या आदल्या दिवशी तोंड विटाळू नये.

घरात नाहीतच ते. … फेकीन कशाला, मी काय वेडी आहे? मातेला वाहिले.

वाहिले म्हणजे वाहिले. लंगडा चालायला लागला की कुबड्या नेऊन ठेवतो ना तिच्या पायाशी? त्या कोपऱ्यात किती पडल्यात, कुबड्या, कमरेचे पट्टे, कुणा पोराचा प्लास्टरचा पाय. मग माझं काय होतं ठेवण्यासारखं? माझ्या कुबड्या म्हणजे ते थेंबच. तू पाठवलेलं अख्खं खोकं नेऊन ठेवलं, त्या सीलबंद कुप्या, रात्रीचं मलम, तो बाजूंनी बंद असलेला चष्मा, सगळं. वर निळी रिबीन बांधली. रविवारी फादर एउसेबिओंनी नाव वाचलं माझं. दिग्ना आंचुंदिया, मातेच्या कृपेने डोळ्यांच्या दुखण्यातून मुक्त झाली. टाळ्या वाजल्या, नार्सी. बायका रडत होत्या. मीच तेवढी कोरडी.

हस की. विनोद केला मी.

…काय म्हणाली डॉक्टरीणबाई?… परत सांग. … 'दुखत नसेल तर आजच्या आज आणा'? हे कसलं उलटं बोलणं? दुखत असेल तर आणा म्हणतात लोक!

तिचं आणि माझं नाही पटत, तुला सांगते. मागच्या खेपेला काय केलं तिने? तू बाहेर होतीस, तुला माहीत नाही. कापसाची अशी बारीक वात वळली आणि म्हणाली, डोळा उघडा ठेवा. आणि टेकवली की गं बुबुळावर! बाजूच्या खुर्चीवरची बाई नुसती बघूनच किंचाळली. आणि मी? पापणीसुद्धा हलवली नाही. पुन्हा टेकवली. पुन्हा नाही हलवली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघायला हवा होतास, पांढराफटक. मी म्हटलं, टेकवा हवी तितकी, टोप्या विणणाऱ्या बायका अशा तशा नसतात.

…हो, तेव्हा काहीतरी म्हणाली ती. 'हे चांगलं लक्षण नाही', असं काहीसं. मला वाटलं, माझ्या धीटपणावर जळते.

धीटपणा नाही तर काय मग?

थांब, हळू बोल. एकेक सांग. … डोळ्याच्या वरच्या पडद्यातल्या नसा… हं… वर्षानुवर्षं कोरडं पडून, सुजून… हं… थकल्या म्हणजे? मेल्या?… सगळ्या नाही, पण बऱ्याच. … हं. म्हणजे आत जखम होते, आणि ओरडणाराच नाही… आणि मला वाटतं सगळं शांत आहे.

नाही पटत मला. … नाही पटत म्हटलं ना!

मला शिकवू नकोस, नार्सी. आजार मला आहे की तुला? सुरुवातीला आपल्याला वाटलं, गंधकाच्या धुरीने होतंय. पाती पांढऱ्या करायला धुरी आईही द्यायची, तिचेही डोळे लाल व्हायचे. पण तिचे दुसऱ्या दिवशी निवळायचे, माझे नाही. मग वाळू. डोळ्यांत वाळू घेऊन किती टोप्या विणल्या मी? मग तोंड सुकलं, युकाच्या कंदाचा पाव पाण्याशिवाय घशाखाली उतरेना. मग बोटं सुजली. तेव्हा कुठे ते रक्त तपासलं आणि कळलं, माझ्या अंगातले राखणदारच घरच्यांना चोर समजून बडवतायत म्हणून. आधी थेंब दिवसातून दोनदा, मग चारदा, मग तासातासाला. मग डोळ्याच्या कोपऱ्यातल्या मोरीला बूच मारलं, असलं नसलं पाणी वाहून जाऊ नये म्हणून. हसत होतीस तू, मोरीला बूच म्हणून. आणि तरी आग. आग, आग आणि आग. सगळं मी सोसलंय. आता कुठे ती विझली तर तू म्हणतेस चुकीची विझली?

तुला मातेचं काही पटतच नाही, हे खरं दुखणं आहे. शहरात गेल्यापासून पटत नाही तुला.

…दात? कुठला दात? त्याचा इथे काय संबंध?

हो, दुखायचा थांबला होता. आपोआप. … हो, गुळाची वडी दातांनी फोडून दाखवली मी सगळ्यांना. मग? आनंद झाला होता. … हो, महिन्याभराने. … हो गं, अर्धा चेहरा भोपळ्यासारखा, आठवतंय मला. ताप आठवतोय. तूच नेलंस, रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसलीस. … काय म्हणाला होता तो दातांचा डॉक्टर? … हो.

'मूळ मेलं होतं, म्हणून दुखत नव्हतं.'

…

आहे गं, आहे. ऐकतेय.

पण दात गेला तर गेला, नार्सी. दात बत्तीस असतात. डोळे…

काय म्हणालीस? भोक? डोळ्याला भोक पडतं?… फोडासारखं आधी, आणि मग… बरं. बरं, नको सांगूस पुढचं. … आणि मग दिसणं परत येतं?…

अरे देवा.

नाही. नाही, माझं तसं काही नाही. मला दिसतंय. ह्या घडीला मला कोंबडी दिसतेय, सेगुन्दो दिसतोय, त्याच्या टकलावरची माशीसुद्धा दिसतेय. हाकल रे ती. … त्यालाच म्हटलं. आंधळीला माशी दिसते का?

आज नाही जमणार. कसं जमेल? उद्या मिरवणूक आहे. मला मातेच्या मखरापुढे चालायचंय, सगळ्यात पुढे. पांढरा झगा शिवलाय शेजारच्या एर्मेलिंदाने, पदरचं कापड घालून. फादरनी बाहेरगावच्या लोकांनाही सांगून ठेवलंय, ती डोळेवाली बाई बघायला या म्हणून. आणि आदल्या दिवशी मी दवाखान्यात? लोक काय म्हणतील? माता खोटी पडली म्हणतील? की मी खोटी पडले म्हणतील?… तुला काय, तू तिकडे राहतेस. मला इथे विहिरीवर रोज तीच तोंडं बघायची आहेत.

परवा येते. शपथ. परवा पहिल्या बसने. … दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?

…असं म्हणाली ती? दोन दिवस नाहीत म्हणाली?

आणि थांबणार आहे ती? दवाखाना बंद झाल्यावरही? माझ्यासाठी?

तू घाबरवतेयस मला. तोंडचं पाणी पळवायला बघतेस, पण ते कधीच पळालंय… नाही, थट्टा नाही करत. हो. गप्प बसते. सांग.

काय करू?… अगं, हा काय पोरखेळ!… बरं. बरं बाई, झाकला. … उजवा. उजवाच झाकला. … दाबला नाही, तळहात नुसता वर धरलाय. आता?

उजेड दिसतो. चांगला दिसतो. दार दिसतं, म्हणजे दाराचा उजेड.

सेगुन्दो… आहे की. आहे तिथे. … कशावरून म्हणजे? खोकतोय ना तो.

काय, समोरच्या भिंतीवर? कॅलेंडर आहे. मातेचं. चर्चमध्ये वाटलं होतं ते. … निळं दिसतंय. झगा आहे तो. वर सोनेरी, तो मुकुट.

चेहरा?

…

थांब जरा.

थांब म्हटलं ना! उठून जवळ जाते. … थांब. … आता भिंतीला नाक टेकलंय माझं…

नार्सी, चेहरा नाहीये.

नाही म्हणजे… साय आहे. दुधावरची साय धरावी डोळ्यापुढे तशी. निळं कळतं, सोनेरी कळतं, चेहरा नाही कळत. हात काढला की आहे, बघतेय माझ्याकडे. झाकला की नाही. … काढला की आहे. …

हे कधी झालं? मला कसं कळलं नाही? माणूस दोन्ही डोळे उघडे ठेवूनच फिरतं ना गं, एकेक झाकून कोण बघतं…

काय रे? काय म्हणालास?… सेगुन्दो म्हणतोय… म्हणतोय, मी हल्ली कॉफी कपाच्या बाहेर ओतते. डाव्या अंगाला. म्हणून तो गुपचूप कप सरकवून ठेवतो. … मग बोलला का नाहीस, मेल्या? तोंडात काय शेंगदाणे भरलेत?

…म्हणतोय, 'तू इतकी खुशीत होतीस.'

आणि टोपी. नार्सी, टोपी! परवा एर्मेलिंदा म्हणाली, दिग्ना, डाव्या अंगाला दोन पाती एकात शिरल्यात. माझ्या टोपीत! आयुष्यात कधी शिरल्या नाहीत. मी तिला म्हटलं, तुझे डोळे फुटलेत का? तिलाच म्हटलं गं. तिलाच.

नाही रडत. मला कुठे रडता येतं! आवाजच तसा येतोय.

टोपीशिवाय मी कोण आहे, सांग? बोटं सुजली तरी विणलं. तोंड सुकलं तरी विणलं. पण दोन पातींमधला केसाएवढा फरक दिसला नाही तर मग काय, झोपायच्या चटया विणायच्या का मी?

…येते. येते म्हटलं ना. ऐकलंस? येते. सेगुन्दो, पिशवी काढ. ती नाही, झिपवाली! आणि माझं ते आजाराचं कार्ड. … कुठे म्हणजे, तुझ्या शर्टांखाली. बस यायच्या आत, ऊठ!

हं, बोल. … वाटेत? … डोळा ओला ठेवायचा, सारखा. दोन्ही. … पण कशाने? घरात एक थेंब नाही. … छे, इथल्या दुकानात कुठले, तिथे डोकेदुखीची गोळीसुद्धा मोडून देतात. … नळाचं पाणी नको? अजिबात नको. … बरं.

नाही.

नाही नार्सी, ते नाही. ते वाहिलेलं आहे. … कळतंय मला की सीलबंद आहे. पण मी दिलंय ते. दिलेलं परत मागायला शेजाऱ्याकडे लाज वाटते, इथे तर… आणि आत्ता चर्चमध्ये कोण आहे माहीत आहे? सगळ्या! फुलं लावतायत उद्याची. सगळ्यांच्या देखत मी जाऊन तिच्या पायाशी हात घालायचा?

तू घेऊन ये ना. … हो. तू तिकडे आणि मी इकडे, खरं आहे. तासभर डोळा कोरडाच राहील.

…

असं कसं म्हणतेस, नार्सी. 'मातेला डोळे आहेत, ती बघेल.' … आईसारखं बोललीस अगदी.

चल. पण फोन ठेवायचा नाही. … सुट्टी संपली? मुकादम ओरडतोय? ओरडू दे त्याला! सांग, बहिणीचा डोळा चाललाय. … नाही ठेवणार ना? बोलत राहा. काहीही बोल, माशांचं बोल.

चालतेय. चपला घालून, हो. अनवाणी उद्या होतं. … उद्याचं उद्या.

आज चर्च लांब का वाटतंय कोण जाणे. … आई गं! काही नाही, पायरी. ठेचकाळले. … डाव्या… हो. डाव्या बाजूचीच.

आले. श्श. तू ऐक फक्त.

एर्मेलिंदा! … हो हो, छान दिसतायत गं फुलं. … झगा बसला की, अगदी बरोबर बसला. … प्रार्थनेला नाही आले. जरा सरक ना. … म्हटलं, जरा बाजूला हो, तो कोपरा हवाय मला. … काही हरवलं नाही, बाई. तू सरक.

नार्सी, आहेस ना? सगळ्या हातातली फुलं हातात धरून बघतायत.

आहे इथेच. रिबीनही तशीच. कुणीतरी पुढे मेणबत्ती लावलीय. माझ्या खोक्याला. … उघडते. … हो, बंद आहेत, एकेक कुपी बंद आहे. … मलम उघडलेलं होतं. ते नको? बरं, ते राहू दे तिच्याकडे. चष्मा घेते.

काय करतेय म्हणजे? परत नेतेय, एर्मेलिंदा. … हो, मीच ठेवलं होतं, म्हणून मीच नेतेय. … नाही गं. चमत्कार नव्हता तो. दुखायचं थांबलं होतं, एवढंच. … डोळा जातोय माझा. डावा. … नाही, तिला कोण बोल लावतंय! तिचा काय दोष? … आणि ऐक, तू म्हणालीस ते बरोबर होतं. दोन पाती एकात शिरल्यात. मी नको ते बोलले तुला. … आता तू कशाला रडतेस? रडू नको, मला हेवा वाटतो. झगा तुझ्या पोरीला घाल उद्या, तिला शोभेल. … फादरना? मी सांगेन. … नको, तूच सांग. मला बस गाठायचीय.

हो नार्सी, घालते. इथेच घालते. … हात? ह्या पवित्र पाण्यात बुडवू का?… नको काय, किती ओरडतेस! बरं, बरं. एर्मेलिंदा, साबण आहे का गं?… आहे म्हणते. बाहेर नळ आहे. … धुतले. पुसले नाहीत, वाळवतेय. झालं?

कुपी मोडली. … आधी उजवा.

आई आई आई! झोंबला गं! मिरची चोळावी तसा. … हो, थेंब सुरू केले तेव्हा असाच झोंबायचा, आठवतं मला. किती शिव्या घालायचे तेव्हा. … थांब, जरा उघडू दे. … हं. निवळला.

आता डावा. … घातला.

…

पडला की. गालावर ओघळ आलाय, म्हणजे आत गेलाच असणार.

नाही. … नाही झोंबत. … थांब, दुसरी मोडते. एर्मेलिंदा, तू वर धर माझी पापणी, नीट धर. … पडला ना? तूही बघितलास ना?

काहीच नाही, नार्सी. खिडकीच्या काचेवर पाणी पडावं तसं. काहीच कळत नाहीये मला तिथे.

…

फोन धरून ठेव. मी आत जातेय एक मिनिट. तू ऐकलंस तरी चालेल.

माते, मी आले पुन्हा. तुझं काही चुकलं नाही. मी मागितलं तेच दिलंस तू. पण मला माझं दुखणं परत दे. डाव्या डोळ्याचं. सगळं दे, ती आग दे, वाळू दे, चाकू दे. मी एका शब्दाने कुरकुर करणार नाही.

…कुरकुर करेन. पण दे.

हं, नार्सी. बोल. … ऐकू येतोय तुलाही? बसचाच हॉर्न तो. सेगुन्दो रस्त्याच्या मधोमध उभा आहे हात पसरून, ड्रायव्हर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय. निघाले. … एर्मेलिंदा धरून नेतेय मला, हो. … सेगुन्दो येतोय ना बरोबर, शेंगदाण्यांच्या टोपलीसकट येतोय, ठेवायचं सुचलं नाही त्याला. … घालते, सारखे घालत राहीन. चष्माही लावलाय. … नाही चोळणार.

तू कुठे थांबशील? … स्टँडवर, तिकिटांच्या खिडकीपाशी. बरं. … अगं ऐक ना, ठेवू नकोस, एक सांगायचं राहिलं. मी उतरेन ना, तेव्हा तू माझ्या उजव्या हाताला उभी राहा. … हो, उजव्या. डावीकडे नको. उजवीकडे राहा म्हणजे दिसशील मला.

ठेवते.